पाहिजे: घरी स्पॅनिश बोलणारं एक मूल

मुलाला भाषा लागते, याबद्दल आता जगात दुमत उरलेलं नाही. दुमत आहे ते कोणाची, एवढ्यापुरतंच. साधी माणसं हा प्रश्न आळसानं सोडवतात, म्हणजे घरात जी असेल ती मुलाला देऊन टाकतात. विचारी माणसं मात्र भाषा निवडतात, आणि निवडताना घरातली सोडून कुठलीही चालते.

आमच्या ईस्ट ऑस्टिनमध्ये ही निवड फार जबाबदारीनं होते. मी इथल्या हॅकबेरी स्ट्रीटवर वीसेक वर्षं राहतोय. आडनाव पेडणेकर, पण गल्लीत मला सगळे मिस्टर पी म्हणतात. (पूर्ण आडनाव शिकायची त्यांची तयारी आहे, अजून सवड मिळालेली नाही.) त्यामुळे शेजारच्या टेसा व्हिटलॉकनं आपल्या जुनिपरसाठी बालवाडी कशी निवडली, ते मी पहिल्यापासून पाहिलेलं आहे. पहिल्यापासून म्हणजे जुनिपर पोटात होती तेव्हापासून. आमच्याकडे बारशानंतर बालवाडी शोधायला निघणाऱ्या आईबापांकडे लोक जरा काळजीनं बघतात.

टेसाची पद्धत शास्त्रीय होती. फ्रेंच शाळा तिनं बाद केली, कारण फ्रेंच आता तिच्या आईच्या पिढीची वाटते. मँडरिनची शाळा चांगली होती, पण तिथली मुलं खरोखरच मँडरिन बोलत होती आणि त्याचं जुनिपरवर दडपण आलं असतं. राहिली स्पॅनिश. स्पॅनिश उपयोगी भाषा आहे, असं टेसानं मला कुंपणावरून समजावून सांगितलं. (ती बोलणारी माणसं तोवर आमच्या वस्तीतून गेली होती. पण उपयोगी भाषेला माणसं लागतातच असं नाही.) मग तिनं शहरातल्या सगळ्या स्पॅनिश बालवाड्या पालथ्या घातल्या. खेळणी लाकडीच आहेत का? वाढदिवसाला साखर चालते का? शिक्षिका मुलाला 'नको' म्हणतात का, आणि म्हणत असतील तर कुठल्या सुरात? अंगणात कोंबड्या आहेत का? स्पॅनिश येते का, हा प्रश्न तिच्या यादीत कोंबड्यांच्या खाली होता.

या सगळ्या कसोट्यांना एकच शाळा उतरली, ती म्हणजे कासा कोलिब्री. आमच्याच गल्लीच्या टोकाला पूर्वी एक टायरचं दुकान होतं, त्या जागेत ती भरते. दुकानाची गंजकी पाटी शाळेनं मुद्दाम तशीच ठेवली आहे, आणि गंज आणखी पसरू नये म्हणून दरवर्षी माणूस बोलावून त्यावर रोगण लावून घेतात. 'नवे जुने टायर, पंक्चर लगेच' असं त्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलेलं आहे. त्याखालून मुलं आत जातात तेव्हा पालकांना फार भरून येतं. वातावरणनिर्मिती म्हणतात ती हीच. आत शिरल्यावर इंग्रजीचा एक शब्द काढायचा नाही, असा नियम आहे. मुलाला भाषेत टाळूपर्यंत बुडवायचं, अशी ही पद्धत. शाळेच्या पत्रकात लिहिलं आहे की अशा मुलांचा मेंदू सव्वापट लवचिक होतो. कशाच्या सव्वापट, ते लिहिलेलं नाही, पण आकडा वाचून सगळ्यांना धीर येतो.

जुनिपरला जागा मिळाली. टेसाची ती बातमी सासरी, माहेरी, ऑफिसात आणि योगवर्गात सांगून झाली, आणि मग घोडं अडलं.

झालं असं, की या पद्धतीत वर्गात निदान एक तरी मूल असं लागतं, ज्याच्या घरी खरोखरच स्पॅनिश बोलतात. बाकीच्यांनी त्याच्याशी खेळता खेळता ती उचलायची. दह्याला विरजण लागतं, तसं. अशा मुलाला फी माफ असते. त्याच्याशिवाय वर्गाला मान्यता देणारी मंडळी मान्यता देत नाहीत. वर्ग बारा जणांचा, अकरा विरजणाची वाट बघत बसलेले आणि बाराव्याचा पत्ता नाही. ऑगस्ट उजाडेपर्यंत बारावं मूल मिळालं नसतं, तर वर्गच रद्द झाला असता आणि जुनिपरला कोपऱ्यावरच्या चर्चच्या बालवाडीत जावं लागलं असतं. तिथं मुलं प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर इंग्रजीत खेळतात.

म्हणून टेसा आणि शाळेच्या संचालिका ब्रिन हॉलोवे घरोघर फिरायला लागल्या. (ब्रिन मूळच्या व्हरमाँटच्या. तरुणपणी एक वर्ष बार्सिलोनाला होत्या आणि तेव्हापासून स्पॅनिशवर त्यांचं प्रेम आहे.) मी इथं राहायला आलो तेव्हा या गल्लीत इंग्रजीत पत्ता विचारला तर लोक उत्तर द्यायला पोरांना हाक मारायचे. आता त्यांना भेटले तीन वास्तुरचनाकार, बरेचसे संगणकवाले आणि कुत्र्यांसाठी सुगंधी मेणबत्त्या करणारा एक गृहस्थ. शेवटी त्या माझ्या दारात आल्या. दोघींनी माझ्या रंगाकडे एकदा प्रेमानं पाहिलं.

"मिस्टर पी, तुमच्याकडे घरी स्पॅनिश बोलणारं कुणी लहान मूल आहे का हो? नातवंड वगैरे?" टेसानं विचारलं.

मी म्हटलं, आम्ही कोकणातले, आमची भाषा मराठी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ती स्पॅनिशच्या किती जवळ येते?" ब्रिनबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, विमानानं एक अख्खा दिवस. त्यांनी ते टिपून घेतलं आणि निघताना मला शाळेच्या समितीवर भाषिक समाजांचा सल्लागार म्हणून नेमलं. मी नाही म्हटलं नाही. अशा वेळी नाही म्हणायला एक वेगळं शिक्षण लागतं.

सल्लागार या नात्यानं मी त्यांना दोन्या एउलालिया आणि तिच्या नातीबद्दल सांगितलं. (दोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाई'.) ही बाई माझी जुनी शेजारीण. मला जी काही मोडकीतोडकी स्पॅनिश येते, ती तिनं कुंपणावरून शिकवली. मी आलो तेव्हा ती मला मिरच्यांची रोपं देऊन म्हणाली होती, "शेजारी, मुकाट राहू नका, चुकीचं बोला पण बोला." पुढे घरपट्टी अशी वाढत गेली की तिच्या मुलांनी घर विकलं. नव्या मालकांनी ते पाडून काळ्या रंगाचं चौकोनी घर बांधलं. एउलालियाबाईंनी लावलेलं पिकानचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीचं, झाड तेवढं ठेवलं, कारण झाडांबद्दल या लोकांना फार आस्था आहे. ते चौकोनी घर टेसाचं. याच अंगणात आयुष्य काढलेल्या बाईची नात आपण शोधतोय, हे ऐकून टेसा गहिवरली आणि म्हणाली की हा किती सुंदर योग आहे.

एउलालियाबाई आता विमानतळाच्या पलीकडे, चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत राहतात. मुलगी यादिरा दाताच्या दवाखान्यात कामाला आहे. तिची मुलगी हिमेना चार वर्षांची. यादिरा दिवसभर कामावर, तेव्हा हिमेना आजीपाशी असते. आम्ही तिघं गेलो तेव्हा ती दारापुढे चिखलात प्लॅस्टिकची बादली घेऊन बसली होती.

ब्रिनबाईंची परीक्षा तिथंच सुरू झाली. परीक्षा अगदी साधी. मूल खेळात गुंग असताना त्याला विचारायचं, काय करतेस? वर न बघता ज्या भाषेत उत्तर येईल, ती त्याची भाषा. "आईबाप सांगतात, समजतं हो सगळं," ब्रिनबाई गाडीत मला म्हणाल्या होत्या. "ते मी धरत नाही. समजतं तर कुत्र्यालाही. उत्तर कशात देतं ते बघायचं."

त्यांनी बार्सिलोनाच्या ठसक्यात विचारलं, काय करतेस?

"आजीसाठी घर बांधतेय. पाय नको ठेवू," हिमेना स्पॅनिशमध्ये म्हणाली. वर पाहिलंसुद्धा नाही.

ब्रिनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं अस्सल मूल त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कामावरून परतलेली यादिरा मात्र व्यवहाराला पक्की होती. तिची एकच अट होती, मोठ्या शाळेत जायच्या आत हिमेनाला इंग्रजी यायला पाहिजे. "मला शाळेत घातलं तेव्हा पहिली दोन वर्षं काही कळायचं नाही," ती म्हणाली. "मागच्या बाकावर रंगीत खडू देऊन बसवून ठेवायचे. सगळ्यांना वाटायचं, मंद आहे बिचारी. हिला मी तसं बसू देणार नाही." त्यावर ब्रिनबाईंनी तिला छातीवर हात ठेवून शब्द दिला, की आमच्या शाळेत इंग्रजीचा एक शब्दही हिमेनाच्या कानावर पडणार नाही. यादिराचा चेहरा पडला. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, बाकीची अकरा मुलं घरी काय बोलतात? टेसानं जरा ओशाळून सांगितलं की इंग्रजीच. यादिरा लगेच म्हणाली, मग कुठे सही करू?

आम्ही उठलो तेव्हा एउलालियाबाईंनी माझी बाही धरली.

"शेजारी, यांना सांगा," त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "शाळा, फी, मला काही कळत नाही. पोरगी संध्याकाळी घरी आली की माझ्याशी बोलली पाहिजे. मला दुसरी भाषा येत नाही, आणि या वयात दुसरी नातही व्हायची नाही."

मी ते इंग्रजीत सांगितलं. ब्रिनबाई म्हणाल्या, तिची भाषा आम्ही सोन्यासारखी जपू. मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. सोनं शब्द मला येत होता, जपू येत नव्हता, म्हणून मी 'कुलपात ठेवू' असं म्हटलं. बाईंचं समाधान झालेलं दिसलं नाही.

अशा रीतीनं वर्ग भरला. आता हिमेना एक आणि पालक अकरा, तेव्हा तिचं समान वाटप होणं गरजेचं होतं. कुणाकडे तिनं कोणत्या दुपारी खेळायला जायचं याचं वेळापत्रक झालं. ज्यांना डिसेंबरात एकदाच मिळाली त्यांनी लेखी नाराजी कळवली. वाढदिवसाचं एकही बोलावणं तिला चुकलं नाही. टेसाकडे ती आठवड्यातून दोनदा असायची, तिच्या आजीचं अंगण आपल्याकडे असल्याच्या हक्कानं. पिकानच्या झाडाखाली सतरंजी टाकून टेसा तिच्याशी फोनवर शिकलेली वाक्यं बोलायची: माझा काका डॉक्टर आहे, पेन्सिल टेबलावर आहे. हिमेना थोडा वेळ तिच्याकडे दयेनं बघायची आणि मग जुनिपरशी खेळायला पळायची. जुनिपरशी खेळायची भाषा अर्थात इंग्रजी.

वर्गात स्पॅनिशचं काम मिस इनेस या शिक्षिकेकडे होतं. त्यांना खास माद्रिदहून आणलेलं. त्या अतिशय काटेकोर. बस, टोपी, मका यांना हिमेना जे शब्द वापरायची ते आजीचे होते, माद्रिदचे नव्हते, म्हणून मिस इनेस ते दुरुस्त करायच्या. नमुना म्हणून आणलेलं मूल नमुनेदार असावं, ही अपेक्षा काही चुकीची नाही. दुरुस्त्या वाढल्या तशी हिमेना स्पॅनिशमध्ये कमी बोलू लागली. कमी बोललं की कमी चुका होतात, हे तिच्या प्रगतिपत्रकातही नोंदवलेलं आहे.

बाकीच्या अकरांची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. नाताळपर्यंत त्यांना सात रंग, दहापर्यंत आकडे आणि बेडकाचं एक गाणं येत होतं. जुनिपरनं एकदा कुत्र्याला स्पॅनिशमध्ये 'आभारी आहे' म्हटलं, तेव्हा टेसा रडली आणि तिनं ते चित्रित करून आम्हा सगळ्यांना पाठवलं. हिमेनाची प्रगती त्याहून जास्त होती, पण ती कुणी मोजत नव्हतं. ती इंग्रजीत भांडायला लागली, इंग्रजीत चहाड्या सांगायला लागली, आणि फेब्रुवारीत मी शाळेच्या कुंपणावरून ऐकलं, ती कोंबड्यांनासुद्धा इंग्रजीत हाक मारत होती. कोंबड्या येत होत्या.

मार्चमध्ये एउलालियाबाईंचा मला फोन आला. हवापाणी, मिरच्या वगैरे झाल्यावर त्यांनी एक इंग्रजी वाक्य जसं ऐकलं तसं, अक्षर अक्षर जुळवून मला म्हणून दाखवलं आणि अर्थ विचारला. अर्थ होता, 'माझ्या मागे लागू नकोस.' मी सांगितलं, याचा अर्थ 'मी दमलेय.' बाई म्हणाल्या, "मग दमत असेल. रोज म्हणते." फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं. सल्लागाराला असं वाटणं नियमात बसतं का, ते मी कुणाला विचारलं नाही.

मे महिन्यात शाळेचा वार्षिक सोहळा झाला. टायरच्या पाटीखाली रंगीत कागदाच्या झालरी लावल्या होत्या. खायला काळे घेवडे आणि बिनसाखरेची जिलेटिनची वडी होती. ब्रिनबाईंनी अहवाल वाचला. बारापैकी बारा मुलं द्विभाषिक झाली होती, म्हणजे यश शंभर टक्के. (आकडा खोटा नव्हता. त्यातली खरोखर दोन भाषा बोलणारी एक हिमेनाच होती, एवढंच.) अकरा मुलांनी बेडकाचं गाणं म्हटलं. बेडूक तिसऱ्या कडव्यात इंग्रजीत गेला, पण सूर छान होता.

मग पाहुण्यांसमोर अस्सल स्पॅनिश ऐकवायची वेळ आली. त्यासाठी हिमेनाला वाळूच्या हौदात खेळत ठेवलं होतं. एउलालियाबाई पहिल्या रांगेत माझ्याशेजारी होत्या, इस्त्रीचा निळा झगा घालून. यादिरा दवाखान्यातून अर्धी रजा टाकून आली होती. ब्रिनबाई हौदाशी वाकल्या आणि त्यांनी स्पॅनिशमध्ये तोच प्रश्न विचारला, काय करतेस?

"दिसत नाहीये का? घर बांधतेय," हिमेना म्हणाली. इंग्रजीत. वर पाहिलंसुद्धा नाही.

टेसा टाळ्या वाजवू लागली आणि सगळ्यांनी वाजवल्या. या वयात मुलं काय पटकन उचलतात, असं लोक एकमेकांना सांगत होते. उच्चार तर पाहा, कुणी म्हणेल का ही इथली नाही? (ती इथलीच आहे. जमलेल्या सगळ्यांत याच गल्लीत वाढलेलं घराणं तिचं एकटीचं.) यादिराही टाळ्या वाजवत होती. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तिच्या आईसमोरच मिळालं होतं, म्हणून तिला आईकडे बघता येत नव्हतं.

"काय म्हणाली?" एउलालियाबाईंनी मला विचारलं.

"घर बांधतेय म्हणाली."

"कोणासाठी?"

मी म्हटलं, ते ती बोलली नाही. तेव्हा बाई स्वतःच उठल्या, हौदाशी गेल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, कोणासाठी गं बाळ? हिमेनानं वर पाहिलं. आजीकडे, मग जुनिपरकडे, मग रांगेतल्या सगळ्यांकडे. तिचे कान लाल झाले. तिनं जुनिपरकडे बघून खांदे उडवले आणि खाली बघत इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या नातीचं बोलणं त्यांनी माझ्याकडून, कोकणातल्या माणसाच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये ऐकलं: "नंतर सांगते म्हणाली."

बाई म्हणाल्या, "बरं," आणि जागेवर येऊन बसल्या. वडी मात्र त्यांनी खाल्ली नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेनं यादिराला बोलावून घेतलं. नियमाप्रमाणे परीक्षेत हिमेनाचं उत्तर इंग्रजीत आलेलं असल्यामुळे तिच्या घरची भाषा स्पॅनिश धरता येत नव्हती. साहजिकच फी माफीची जागा गेली. पण ब्रिनबाई कठोर नाहीत. मुलीला स्पॅनिशची चांगली गोडी आहे, पूर्ण फी भरून शिकणाऱ्यांच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव आनंदानं घालू, असं त्या म्हणाल्या. तोवर घरी कुणी स्पॅनिश बोलणारं मिळालं तर थोडा सराव ठेवा, असा सल्लाही दिला. यादिरानं मला हे फाटकात उभं राहून सांगितलं. "घरी कुणी मिळतंय का बघते," ती म्हणाली आणि गाडी चालू करून निघून गेली.

ही गोष्ट इथं संपली असती, आणि आपण सगळे या गोऱ्या मंडळींना मनसोक्त हसून मोकळे झालो असतो. पण शाळेचा लौकिक वाढला आहे. शहराच्या उत्तरेला आपली बरीच माणसं नोकरीला आली आहेत, म्हणून ब्रिनबाई पुढच्या वर्षी एक मराठी वर्ग काढणार आहेत. अकरा जागा आत्ताच भरल्या, सगळ्या या आपल्याच माणसांच्या मुलांच्या. बारावं मूल शोधायची जबाबदारी भाषिक समाजांच्या सल्लागारावर, म्हणजे माझ्यावर आहे.

मी आधी इथल्या मराठी घरांत विचारलं. तिथं काही निघालं नाही, आणि निघेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. मग मी थेट उगमाकडे वळलो. ठाण्याच्या मामेभावाला फोन केला, नाशिकच्या मेहुणीला केला, कोथरूडच्या भाचीला केला. सगळ्यांनी प्रेमानं चौकशी केली आणि सगळ्यांनी आपापल्या नातवाबद्दल, मुलाबद्दल एकच वाक्य सांगितलं: "समजतं हो त्याला सगळं." मामेभाऊ तर दुखावला. म्हणाला, आम्ही त्याच्या इंग्रजीसाठी घरी एवढं करतोय आणि तू हे काय मध्येच काढलंस?

तेव्हा जागा अजून रिकामी आहे. फी माफ, लाकडी खेळणी, अंगणात कोंबड्या. तुमच्या घरात तीनचार वर्षांचं मूल असेल तर जरूर कळवा. परीक्षा तुम्हीच घेऊ शकता, आत्ता, हे वाचता वाचता. ते शेजारच्या खोलीत खेळत असेल. हाक मारू नका, नुसतं विचारा, काय करतोस रे? आणि ते वर न बघता काय म्हणतं ते ऐका. जे ऐकलं तेच मला कळवा; त्याला किती समजतं, ते मी धरत नाही.